घाईबाईंची तारीख

सगळी शाळा त्यांना घाईबाई म्हणायची, पण त्यांना स्वतःला घाई करताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. जिना चढायच्या सावकाश, चहा प्यायच्या सावकाश, आणि फळ्यावर त्रिकोण काढला की एक पाऊल मागे सरकून तो डोळे भरून बघायच्या, मगच पुढचं बोलायच्या. घाई असायची ती दुसऱ्यांनी करायची. तशा त्या गणिताच्या बाई. पण शाळेचं शेवटचं वर्ष असलेल्या मुलांचे कॉलेजचे अर्ज पाठवायचं काम एके वर्षी त्यांच्या गळ्यात पडलं, आणि ते काही पुन्हा कोणी काढून घेतलं नाही. असली कामं एकदा गळ्यात पडली की निवृत्तीपर्यंत तिथेच लोंबकळतात, हे नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

काम लांबून सोपं दिसतं. गुणपत्रकं गोळा करा, शिक्षकांच्या शिफारशी मिळवा, मुलाकडून स्वतःबद्दल दोन पानं लिहून घ्या, फोटो चिकटवा, पाठवा. पण शिफारस लिहिणारे गुरुजी नेमके त्याच आठवड्यात आजारी पडतात. स्वतःबद्दल लिही म्हटलं की ज्या पोराचं तोंड वर्गात दिवसभर मिटत नाही ते मुकं होतं. आणि फोटोत यच्चयावत मुलं नुकतीच चोरी करताना सापडल्यासारखी दिसतात. त्यात आईवडील. बापाला पोरगं इंजिनिअर व्हायला हवं असतं, आईला डॉक्टर, आणि पोराला नुसती झोप हवी असते. बाईंनी ह्यावर पहिल्यापासून तोडगा काढला होता. अर्ज भरताना आईवडील बाहेरच्या बाकावर. दार बंद. कितीही मोठा माणूस असो, बाक तोच.

मात्र बाईंची खरी युक्ती होती ती तारखेची. कुठल्याही कॉलेजची शेवटची तारीख त्या मुलांना आठवडाभर आधीची सांगायच्या. चेहरा असा दगडासारखा ठेवून सांगायच्या की, "ही शेवटची तारीख. हिच्यापुढे कॉलेज तुम्हाला ओळखत नाही." पोरं धावपळ करायची, कागद जमवायची, आणि मग हाताशी उरलेल्या आठवड्यात बाई एकेक अर्ज निवांत तपासून पाठवायच्या. कोणी रडत आलं, बाई, सही राहिली हो, की बाई फार मोठे उपकार केल्यासारखं दोनचार दिवस वाढवून द्यायच्या. घरी नवऱ्याला त्यांनी हे विश्वासात घेऊन सांगितलं होतं. नवरा औषधाच्या दुकानात बसणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला होता की अगं, आपल्या भिंतीवरचं घड्याळही तू पुढे करून ठेवतेस आणि लग्न झाल्यापासून मी ते मनात मागे करून वाचतो. बाई म्हणाल्या, तुमची गोष्ट वेगळी.

ही युक्ती त्यांनी हौसेनं काढली नव्हती. ह्या कामाच्या पहिल्याच वर्षी एका मुलाचा अर्ज त्यांनी शेवटच्या दिवसावर ठेवला होता. मुलगा हुशार, कागद सगळे तयार, मग कशाला धावाधाव, उद्या दुपारी पाठवू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सगळ्या भागातली वीज गेली. आली तेव्हा कॉलेजनं अर्ज घेणं बंद केलं होतं. बाईंनी फोन केले, पत्रं पाठवली, मुख्याध्यापकांना मध्ये घातलं, पण कोणी दाद दिली नाही. मुलगा मग इथल्याच साध्या कॉलेजात गेला, संगणक शिकला, आणि पुढे ह्याच शाळेत संगणकाचा मास्तर होऊन आला. आता काय म्हणायचं ह्याला! ज्याचं आपल्या हातून वाटोळं झालं असं वाटतं, तोच रोज सकाळी समोरून येऊन हसून विचारणार, कशा आहात बाई. अर्ज तर सगळे त्याच्याच खोलीतून पाठवायचे. बाई त्याच्याशी मशीनबद्दल बोलायच्या, कागदाबद्दल बोलायच्या, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या. पण त्या दुपारीबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत, आणि बोलताना बघायच्या त्याच्या शर्टाच्या बटणाकडे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत मुलांना युक्तीचा पत्ता लागला नसेल? लागला होता. चांगलाच लागला होता. शेवटच्या वर्गात पाऊल टाकलं की पहिल्याच आठवड्यात मागच्या वर्षीची मुलं कानात सांगायची की घाईबाईंची तारीख अधिक एक आठवडा, बरोबर खरी तारीख. थोरलीकडून धाकटीला, दादाकडून भावाला, असं ते चाललेलं. शिपायाला ठाऊक, मुख्याध्यापकांना ठाऊक, गावातल्या निम्म्या आईबापांना ठाऊक. मांजर डोळे मिटून दूध पितं तशा एकट्या बाईच समजत होत्या की आपलं गुपित आपल्यापाशी आहे.

आणि ते इतकी वर्षं सुखानं चाललंही. कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलीच्या वेळी.

ही मुलगी हळू. म्हणजे मंद नव्हे हो, हळू. प्रत्येक गोष्ट दहा अंगांनी बघून करणारी. तिला गुराढोरांची डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काही नाही. लहानपणी दूधवाल्याची गाय अडली होती तेव्हा ही पोर गोठ्यात बॅटरी धरून उभी राहिली होती, आणि वासरू बाहेर आलं त्या दिवशी तिचं ठरलं ते ठरलं. तिच्या गुणांना आणि बापाच्या ऐपतीला जुळेल असं पशुवैद्यकाचं कॉलेज एकच होतं. तिथे जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर बेकरीचा गल्ला होताच. बाप वाईट नव्हता, पण गल्ल्यावर बसायला माणूस त्याला हवं होतं, आणि वर्षभर घरी बसलेली मुलगी पुन्हा शिकायला जात नाही हे बाईंनी आजवर कितीदा पाहिलं होतं.

झालं असं की त्या कॉलेजनं यंदा तारीख अलीकडे ओढली. का ओढली ते त्यांनाच माहीत. सूचना त्यांच्या पानाच्या कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी. बाईंना ती सोमवारी दिसली, आणि खरी तारीख होती त्याच आठवड्यातला गुरुवार, संध्याकाळी पाच. अभ्यासाच्या सुट्टीसाठी मुलं घरी होती, म्हणून त्यांनी मुलीला बोलावून घेतलं आणि बजावलं की गुरुवारी दुपारी वडिलांना घेऊन ये, शेवटची तारीख आहे, खरीखुरी शेवटची. मुलगी शहाण्यासारखी हो बाई म्हणाली.

पण खरीखुरी शेवटची हे बाई दर वर्षी म्हणायच्या ना! त्याच शब्दांत, त्याच चेहऱ्यानं. मुलीनं घरी जाऊन नेहमीचं गणित केलं, बापानंही केलं, आणि दोघंही आपापल्या कामाला लागली.

गुरुवारी दुपारी बाई संगणकाच्या खोलीत येऊन बसल्या. संगणकमास्तरानं मुलीचा अर्ज पडद्यावर उघडून ठेवला होता. सगळं भरलेलं होतं. राहिली होती ती स्वतःबद्दलची दोन पानं, जी मुलगी घरी घेऊन चार आठवडे घासत बसली होती, आणि शेवटचा ओटीपी, जो बापाच्या फोनवर यायचा होता. तीन वाजले तरी मुलीचा पत्ता नाही. खोलीत तिची एक मैत्रीण आपल्या अर्जाचे फोटो कापत बसली होती. बाईंनी तिला विचारलं की ही कुठे राहिली. मैत्रिणीच्या तोंडून सहज निघून गेलं, "येईल हो बाई, अजून आठवडा आहे ना."

बाईंनी विचारलं, कसला आठवडा? पोरीनं जीभ चावली. तिनं एकदा मास्तराकडे पाहिलं, मास्तरानं पडद्याकडे पाहिलं, आणि मग पोरीनं जे काय होतं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं.

बाईंच्या पायाखालची वाळूच सरकली. पण रागवायला वेळ कुठला! त्यांनी बेकरीत फोन लावला. मागे भट्टीचा आवाज, ताटांचा खणखणाट. बेकरीवाला खुशीत होता, कुठलीशी मोठी ऑर्डर होती. बाई म्हणाल्या, मुलीला घेऊन आत्ताच्या आत्ता या, आज पाचला सगळं बंद होतंय. तो म्हणाला, हो हो बाई, येतो ना. बाई म्हणाल्या, अहो खरंच सांगतेय मी. तो हसला. "थोरलीच्या वेळेलाही तुम्ही अस्संच म्हणाला होतात, बाई," म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर कोणी उचलला नाही.

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट बाईंनी स्वतः कितीतरी मुलांना सांगितली होती. आता शपथ घेतली असती तरी कोणी विश्वास ठेवला नसता. मास्तर खुर्चीवरून उठत म्हणाला की मी जाऊन येतो, पण तोवर बाई जिन्यावर होत्या.

आणि बाई धावल्या.

पन्नाशी उलटलेली बाई, उजवा गुडघा दुखरा, बोटांना खडू. फाटकातून निघाल्या तेव्हा शिपाई स्टुलावरून उठून उभाच राहिला. वह्यांच्या दुकानापाशी एका चपलेचा अंगठा तुटला, तशी बाईंनी ती चप्पल हातात घेतली आणि तशाच पुढे सुटल्या. शिंप्यानं मशीन थांबवलं. वहीवाला दुकानाबाहेर येऊन ओरडला की काय झालं बाई, कोणाला काही झालं का, पण बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सायकली बाजूला झाल्या. रस्त्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी गणित शिकवलेलं, आणि त्या अर्ध्या लोकांना वाटलं की कुठेतरी आग लागली असणार.

बेकरीवाला पावांचं ताट घेऊन काचेच्या कपाटाशी उभा होता. त्याला काचेतून बाई दिसल्या. इतकी वर्षं ज्या बाईंना त्यानं पालकसभेत, बाजारात, रस्त्यानं कधी भरभर पाऊल उचलून चालताना पाहिलं नव्हतं, त्या लालबुंद तोंडानं, हातात चप्पल घेऊन त्याच्या दारात आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. बेकरीवाल्यानं ताट जिथल्या तिथे जमिनीवर ठेवलं.

"आजच?" त्यानं विचारलं.

बाईंनी मान डोलावली. तो आत वळून मुलीच्या नावानं असा ओरडला की भट्टीवरचा कामगार दचकला.

पुढचं सगळं पाव पोचवायच्या गाडीत झालं. पुढे बाप, आणि मागे पावांच्या क्रेटमध्ये अंग चोरून बाई आणि मुलगी. मुलीचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, मांडीवर ती दोन पानं. तोंडचं पाणी पळालेलं होतं तरी ती पोर एवढंच म्हणत होती की शेवटचं अजून जमलं नाहीये, गाईचं नीट आलं नाहीये. बाई धापा टाकत म्हणाल्या, "गाय वाचली ना? मग झालं. तसंच जाऊ दे."

खोलीत मास्तर तयारच होता. त्यानं पानं घेतली आणि जी काही बोटं चालवली, तशी त्याची बोटं चालताना बाईंनी कधी पाहिली नव्हती. मग ओटीपी आला. बापानं फोन डोळ्यांशी नेला, पण चष्म्याच्या काचांवर पीठ. त्यानं चष्मा ॲप्रनला पुसला, तर ॲप्रनवर त्याहून जास्त पीठ. पहिल्यांदा आकडा चुकीचा सांगितला. पडदा लाल झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. शेवटी त्या मैत्रिणीनं फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. मास्तरानं बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग एक हिरवी ओळ उमटली. अर्ज मिळाला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बेकरीवाला लहान मुलांच्या खुर्चीवर कसाबसा बसला आणि कोणी न विचारताच सांगू लागला की चूक पोरीची नाही, मीच म्हणालो, आधी ऑर्डर उरकू, बाईंच्या तारखेला काय लागतंय. बाई म्हणाल्या, तुमची नाही आणि तिचीही नाही, चूक माझी आहे, आणि आता पुरे. मुलगी मात्र पडद्यावरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. तेही हळू.

पुढे तिला जागा मिळाली. बेकरीवाल्यानं शिक्षकांच्या खोलीत एवढा केक पाठवला की मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी दांडी मारली. बाई आता खरीच तारीख सांगतात, आणि तरी पोरं सवयीनं त्यात आठवडा मिळवतील म्हणून वर्षाच्या पहिल्याच दिवशी सगळी हकीकत सांगून मोकळ्या होतात. हे सगळं झालंच. पण त्या दिवशी बापलेक गाडीत बसून गेले, मैत्रीणही गेली, आणि खोलीत बाई आणि मास्तर असे दोघंच उरले, त्याची गोष्ट सांगायची राहिली आहे.

मास्तरानं थर्मासमधला चहा बाईंना दिला. बाईंनी तुटकी चप्पल टेबलाखाली सरकवली. मग बाईंनी विचारलं, "पोरांना तू सांगितलंस ना?"

त्यानं नाही म्हटलं नाही. तो इथे लागला त्याच वर्षी त्याच्या लक्षात आलं होतं. खऱ्या तारखा तर रोज त्याच्याच पडद्यावर असायच्या. त्या वर्षी एक मुलगी बाईंच्या तारखेच्या धसक्यानं आजारी पडली होती, तेव्हा त्यानं वर्गाला सांगून टाकलं की घाबरू नका, अजून आठवडा असतो. पण एक अट घातली. बाईंसमोर घाबरल्यासारखं करायचं, धावपळ करायची, आणि बाईंना हे कधी कळू द्यायचं नाही. दर वर्षी मुलांनी ती अट पाळली.

"का पण?" बाई म्हणाल्या. "मला का नाही कळू द्यायचं?"

"तुम्ही ते कशापायी करता, ते मला ठाऊक होतं ना, बाई."

बाईंनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत जे विचारायची छाती झाली नव्हती ते त्यांनी त्या दिवशी विचारलं. कदाचित धावून धावून अंगात दुसरं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

"तुला फार वाईट वाटलं होतं का रे तेव्हा?"

"वाटलं होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. वर्षभर तुमचं नाव निघालं तरी राग यायचा. मग इथल्या कॉलेजात मन रमलं, मित्र झाले, काम आवडायला लागलं. राग कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही. फार वर्षं झाली त्याला. तुम्हाला सांगायचंच राहून गेलं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हाताशी होता तो डस्टर उचलून त्यांनी त्याच्या दंडावर एक ठेवून दिला, खडूची धूळ उडाली. "गाढवा," त्या म्हणाल्या, "अरे, हे वेळेवर सांगायचं असतं." आणि मग त्यांना रडूच आलं. लपवलं नाही त्यांनी, चांगल्या मोकळेपणानं रडल्या, आणि रडता रडता म्हणत होत्या की बरं झालं रे, बरं झालं. मास्तर आपला चहा ओतत बसला, कारण अशा वेळी माणसानं दुसरं काय करायचं असतं?

डोळे पुसून झाल्यावर बाईंनी तोंड वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. कानाशी त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि ते बाईंना आजवर दिसलेच नव्हते.